भयाची चित्रकादंबरी: ती कशाने घाबरवते आणि कुठे कमी पडते

गोदावरीला पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे बातम्यांत सांगितले जाते, पण जुन्या नाशिकमधल्या माणसांचा प्रश्न वेगळा असतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले, एवढेच ते विचारतात. पायांना लागले, गुडघ्यांवर गेले, कमरेपर्यंत आले, छाती बुडाली, गळ्याला टेकले, अशा क्रमाने ती वार्ता गावभर फिरते, आणि सराफ बाजारातले, भांडीबाजारातले, दहीपुलाजवळचे दुकानदार तेवढ्यावरून माल वरच्या फळ्यांवर हलवायला घेतात. आता ही वार्ता शब्दांऐवजी एका पानावरच्या पाच चौकटींत काढली आहे अशी कल्पना करावी. प्रत्येक चौकटीत तीच मूर्ती, तोच कोन, तेच आभाळ. फक्त पाण्याची रेघ वर सरकलेली. एकही शब्द नाही. पाचव्या चौकटीला पान संपते आणि वाचकाचा अंगठा पानाच्या कोपऱ्याशी थबकतो. चित्रांत सांगितलेल्या भयकथेचे सारे बळ त्या थबकलेल्या अंगठ्यात असते, आणि तिच्या बहुतेक उणिवांचे मूळही तिथेच सापडते, असे माझे मत आहे. ते का, हे या लेखात उलगडून सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

आधी व्याख्येपुरते थोडे. ग्राफिक नॉव्हेल म्हणजे पुस्तकाच्या लांबीची, चौकटी आणि संवादांचे फुगे यांच्या साहाय्याने सांगितलेली चित्रकथा. मराठीत तिला चित्रकादंबरी म्हणता येते. ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्द आधीही तुरळक वापरात होता, परंतु १९७८मध्ये विल आयस्नर या अमेरिकन चित्रकाराच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो छापला गेला आणि तेव्हापासून रूढ होत गेला. भयकथेचा चित्रांशी संबंध मात्र त्याहून जुना आणि वादग्रस्त आहे. अमेरिकेतील कॉमिक्स प्रकाशकांनी १९५४मध्ये स्वतःवर जी नियमावली घालून घेतली, तिने नियतकालिकांच्या नावांत ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्दच निषिद्ध ठरवले आणि रक्तपिपासू व्हॅम्पायर, चालती प्रेते, नरमांसभक्षक अशा पात्रांना बंदी केली. १९७१मध्ये ती थोडी सैल झाली. दरम्यान भयकथा त्या नियमावलीच्या कक्षेबाहेरच्या, मोठ्या आकाराच्या कृष्णधवल मासिकांत जाऊन राहिली होती.

स्वतंत्र किंवा एकखंडी चित्रकादंबरी म्हणजे जिची गोष्ट एकाच पुस्तकात सुरू होते आणि तिथेच संपते, जिच्या आधी काही वाचावे लागत नाही आणि पुढचा भाग निघणार नसतो. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आज एका खंडात मिळणारी अनेक पुस्तके मुळात हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झालेली असतात. चार्ल्स बर्न्स यांची ‘ब्लॅक होल’ १९९५पासून १२ अंकांत जवळजवळ १० वर्षे निघत राहिली आणि २००५मध्ये एका खंडात बांधली गेली. जुंजी इतो यांची ‘उझुमाकी’ १९९८-९९मध्ये जपानी साप्ताहिकातून क्रमशः आली होती. अशा पुस्तकांत हप्त्यांचे सांधे कधीकधी जाणवतात, कारण प्रत्येक हप्त्याच्या शेवटी एक धक्का देणे भाग असते आणि एकसलग वाचताना ते धक्के ठरावीक अंतराने येऊ लागतात. वाचकाला त्यांची लय कळली की तो मनाने आधीच सावरून बसतो. सुरुवातीपासून एकसंध पुस्तक म्हणून रचलेल्या चित्रकादंबरीला ही अडचण नसते. ती पहिली ४० पाने काहीही न घडवता काढू शकते, आणि चांगल्या भयकथेला तेवढा धीर फार उपयोगी पडतो.

आता त्या अंगठ्याकडे परत येऊ. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावी ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रे एकामागून एक समोर धरत कथेकरी गात गात गोष्ट सांगतो, आणि पुढचे चित्र केव्हा दाखवायचे हे पूर्णपणे त्याच्या हातात असते. श्रोते कितीही उतावीळ झाले तरी तो चित्र उचलत नाही तोवर राक्षस समोर येत नाही. चित्रपटातही दिग्दर्शकाकडे हाच अधिकार असतो. छापील चित्रकादंबरीत मात्र तो वाचकाकडे जातो. वाचक एका चौकटीवर दहा मिनिटे रेंगाळू शकतो किंवा पाच पाने एका दमात उलटू शकतो. घाबरला तर पुस्तक मिटून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाऊ शकतो. हे दुबळेपण वाटते आणि काही अंशी ते आहेही. परंतु याचा दुसरा अर्थ असा की भयंकर गोष्टीकडे जाण्याची कृती वाचकाला स्वतःच्या हाताने करावी लागते. पान आपोआप उलटत नाही. अंधाऱ्या जिन्यावर पात्र पाऊल टाकते तेव्हा वाचकही, कागदावर का होईना, पाऊल टाकत असतो, आणि ‘मी हे पाहायला नको होते’ ही भावना चित्रपटापेक्षा पुस्तकात अधिक टोचते, कारण पाहण्याचा निर्णय त्याचाच असतो.

म्हणूनच जाणकार चित्रकार पानांची मांडणी अत्यंत काटेकोरपणे करतात. मराठी पुस्तकात विषम क्रमांकाचे पान उजवीकडे आणि सम क्रमांकाचे डावीकडे येते. पुस्तक उघडे असताना समोरासमोरची दोन्ही पाने एकाच वेळी नजरेच्या टप्प्यात असतात, त्यामुळे उजव्या पानावर एखादा विक्राळ चेहरा असेल तर डावे पान वाचता वाचताच डोळ्यांच्या कडेला तो दिसून जातो आणि धक्का वाया जातो. माझी चौदा वर्षांची भाची अशी पुस्तके वाचताना उजव्या पानावर तळहात ठेवून बसते. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “आत्या, आधी दिसलं की मग भीतीच वाटत नाही गं.” तिने जे स्वतः शोधून काढले तेच रचनेचे सूत्र आहे: धास्ती उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत पेरावी आणि तिचे कारण पान उलटल्यावर डावीकडे दाखवावे. जपानी पुस्तके उजवीकडून डावीकडे वाचली जातात, म्हणून तिथे हे गणित उलटे होते. ज्या अनुवादांत चित्रे फिरवून किंवा पाने सरकवून बसवली जातात त्यांत मूळ चित्रकाराची ही योजना सहज मोडते.

कागदाचाही यात वाटा आहे. पातळ कागदावर पुढच्या पानावरची गडद शाई मागून झिरपल्यासारखी दिसते, आणि पुढचे पान संपूर्ण काळे आहे हे आधीच कळले तर उत्कंठेचा अर्धा जीव जातो. मोबाइलवर वाचताना तर दोन पानांची जोडीच उरत नाही. एकेक पान, कधी एकेक चौकट समोर सरकते आणि मोठ्या रचनेचा परिणाम हरवतो. अशा पुस्तकाचे मूल्यमापन करायचे असेल तर शक्यतो छापील प्रत हातात घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. पडद्यावर सपाट वाटलेले पुस्तक कागदावर अंगावर काटा आणते, असा अनुभव मला एकाहून अधिक वेळा आला आहे.

चित्रपटातला अचानक दचकवणारा क्षण मात्र इथे साधत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्या क्षणाला आवाजाचा स्फोट लागतो आणि कागद मुका असतो. ज्या चित्रकादंबऱ्या चित्रपटाची नक्कल करत दर दहा पानांनी एक किंचाळणारे तोंड काढतात त्या लवकरच कंटाळवाण्या होतात. चित्रकादंबरीची भीती सावकाश साचते. तिला कढ येईपर्यंत थांबावे लागते.

ही साचण्याची क्रिया बरीचशी दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत घडते. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३मध्ये चित्रकथेच्या भाषेचे जे विवेचन केले त्याचा गाभा हाच होता की एका चौकटीतून दुसरीकडे जाताना मधला भाग वाचक स्वतःच्या मनाने जोडून घेतो. पहिल्या चौकटीत म्हातारीचा हात दाराच्या कडीवर आहे. दुसऱ्या चौकटीत दार अर्धवट उघडे आहे, कंदील जमिनीवर आडवा पडला आहे आणि म्हातारी दिसत नाही. मध्ये काय झाले ते कोणीही काढलेले नाही. ते प्रत्येक वाचकाने आपापल्या भयाच्या साठ्यातून काढायचे असते, आणि म्हणून ते प्रत्येकाला नेमके लागते. इथे चित्रकाराचे कौशल्य काय काढले यापेक्षा कोणते दोन क्षण निवडले यावरून ओळखावे. क्षण फार जवळचे असले तर कथा रेंगाळते; फार दूरचे असले तर वाचक गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस घाबरत नाही.

चित्राची आणखी एक ताकद आहे, जी मला सर्वांत मोलाची वाटते. ती समजण्यासाठी एक पुस्तक कल्पून पाहू. भांडीबाजारातला एक जुना वाडा, पुराची रात्र. घरात पाच माणसे आहेत: आजी, तिचा मुलगा, सून, नात आणि माडीवर भाड्याने राहणारा एक विद्यार्थी. वीज गेली आहे. पाणी जिन्याच्या पायऱ्या चढते आहे म्हणून सगळे माडीवर येऊन मेणबत्तीभोवती बसले आहेत. ७व्या पानावर हे दृश्य येते, गप्पा चालल्या आहेत, सून चहाचे कप पुढे करते आहे. पुढे २० पाने काही घडत नाही. ३०व्या पानावर नात सहज भिंतीकडे पाहते आणि सावल्या मोजते. सहा. वाचक मागे जातो, ७वे पान काढतो आणि माणसे मोजतो. तिथेही सहा आहेत. कोपऱ्यात पाठमोरे बसलेले ते सहावे माणूस पहिल्यापासून तिथेच होते, सुनेने त्यालाही कप दिला होता, आणि वाचकाने ते पाहूनही पाहिले नव्हते.

ही गोष्ट निव्वळ शब्दांत अशी सांगता येत नाही. ‘सहा माणसे बसली होती’ असे लिहिले की लेखकाने त्याकडे बोट दाखवलेच; ‘माणसे बसली होती’ असे लिहिले तर नंतर ‘ती सहा होती’ हे लेखकाच्या शब्दावर मानावे लागते. चित्र मात्र न सांगता दाखवते. पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर होता आणि तो चुकवला ही चूक वाचकाची स्वतःची, ही जाणीव अतिशय अस्वस्थ करणारी असते. एकखंडी पुस्तकात याचा लाभ दुप्पट होतो, कारण ७वे पान त्याच पुस्तकात, त्याच हातात असते. हप्त्याने आलेल्या कथेत ते सहा महिन्यांपूर्वीच्या रद्दीत गेलेले असू शकते. दुसऱ्यांदा वाचताना अधिक घाबरवणारी पुस्तके बहुधा याच जातीची असतात. पार्श्वभूमीतल्या खिडक्या, फोटोंच्या चौकटी, आरशातली प्रतिबिंबे आता वेगळीच दिसू लागतात. पुस्तक चांगले की वाईट हे ठरवण्यापूर्वी ते दोनदा वाचावे, असा माझा नियम आहे.

परंतु आता त्याच वाड्यात पुढे काय होते ते पाहू. केव्हा तरी चित्रकाराला मोह होतो की त्या सहाव्याने मान वळवावी. वाचकालाही तेच हवे असते. पान उलटते आणि पूर्ण पानभर चेहरा येतो: बाहेर आलेले डोळे, सडलेली त्वचा, दात. पहिल्या क्षणी वाचक दचकतो, दुसऱ्या क्षणी तो चित्र निरखू लागतो, तिसऱ्या क्षणी त्याला त्यातली रेखाटनाची सफाई आवडू लागते. भीती संपली. चित्राचा स्वभावच दाखवण्याचा आहे, आणि भय न दाखवलेल्या गोष्टीवर जगते. या दोहोंतला ताण ही या प्रकाराची सर्वांत मोठी अडचण आहे. गद्य भयकथा ‘त्याचे वर्णन करणे शक्य नाही’ असे म्हणून सुटू शकते. चित्रकाराला ती पळवाट नसते. त्याला एकतर काढावे लागते, किंवा न काढण्याचे खात्रीलायक कारण दृश्यातच निर्माण करावे लागते. अंधार, पाठमोरी बसण्याची ढब, दाराआड गेलेला अर्धा देह, पाण्यातले हलणारे प्रतिबिंब ही सारी अशी कारणे आहेत.

आपल्या रसविचारात या दोन अवस्थांसाठी दोन वेगळी नावे आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ रसांपैकी भयानकाचा स्थायी भाव भय आहे आणि बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. जिन्यावर चढणारे पाणी आणि मोजणीत जास्तीची भरणारी सावली हे भयानकाचे प्रांत. सडलेली त्वचा हा बीभत्साचा. दोन्हींना कलेत स्थान आहे आणि बीभत्साला मी कमी लेखत नाही. शरीर हळूहळू विद्रूप होत जाण्याच्या कथांत तो रस फार खोलवर जाऊ शकतो. मात्र त्याची सवय लवकर होते. पहिले फाडलेले शरीर हादरवते, पाचवे नुसते पाहिले जाते, दहाव्या वेळी ते पानाची सजावट होऊन बसते. निम्म्याहून अधिक फसलेल्या भयचित्रकादंबऱ्यांचा दोष मला हाच दिसतो की भयानकाची ताकद आटली की त्या बीभत्साचे प्रमाण वाढवतात.

नाट्यशास्त्राने भयानकाला काळा रंग दिला आहे आणि बीभत्साला निळा. या प्रकारातली कितीतरी गाजलेली पुस्तके कृष्णधवल आहेत हे आठवले की त्या जोडीचे मर्म लक्षात येते. काळी शाई नुसता अंधार दाखवत नाही. ती जागा झाकते, आणि झाकलेल्या जागेत वाचकाचे मन काहीतरी ठेवते. रंगीत छपाईत अंधारसुद्धा निळसर किंवा तपकिरी छटांनी भरावा लागतो आणि त्यात तपशील दिसू लागतात. रंगाचा उत्तम उपयोग मी पाहिला आहे तो काटकसरीचा: सबंध पुस्तक करड्या छटांत आणि एकाच वस्तूला, एखाद्या लुगड्याच्या काठाला किंवा दिव्याच्या ज्योतीला, लाल रंग.

दुसरी मोठी उणीव जागेची आहे, आणि ती साध्या हिशेबाने कळते. छापखान्यात १६ पानांचा एक फॉर्म धरला तर सहा फॉर्मचे पुस्तक ९६ पानांचे होते. शीर्षक वगैरेची पाने वजा करून ९० उरली, आणि दर पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या, तर सगळ्या मिळून ४५० चौकटी. त्यांतल्या एक तृतीयांश निःशब्द ठेवल्या आणि उरलेल्या ३०० चौकटींत प्रत्येकी २० शब्द घातले तर संपूर्ण पुस्तकाचा मजकूर ६,००० शब्दांचा होतो. म्हणजे नाव कादंबरीचे असले तरी शब्दांचा ऐवज दिवाळी अंकातल्या एका दीर्घकथेएवढा आहे. चित्रे पुष्कळ काही सांगतात हे खरे, पण माणसाच्या मनात चाललेले, त्याचे बालपण, जुनी वैरे, पश्चात्ताप, हे चित्रांत सांगायला फार चौकटी लागतात.

याचा परिणाम पात्रांवर होतो. आपल्या वाड्यातल्या विद्यार्थ्याचे काही बरेवाईट झाले तर वाचकाला धक्का बसण्यासाठी तो आधी माणूस म्हणून ओळखीचा झाला पाहिजे. घाई करणारे लेखक त्याला ‘शहरातून आलेला, भुताखेतांवर विश्वास नसलेला तरुण’ या साच्यात बसवतात आणि ४०व्या पानावर मारून टाकतात. वाचक पुढे सरकतो. कुशल लेखक त्याला एकच सवय देतो. तो दर वेळी चहाची बशी कपावर झाकून ठेवतो, एवढेच. पुढे एका चौकटीत झाकलेला कप दिसतो आणि विद्यार्थी दिसत नाही, तेव्हा काळजात जे हलते ते दोन पानांच्या परिचयाने साधले नसते. थोड्या जागेत माणूस उभा करण्याची ही कला ज्या पुस्तकात आहे त्याचे इतर पुष्कळ दोष मी माफ करते.

जागा अपुरी पडल्याचे सर्वांत ठळक लक्षण शेवटच्या तिसऱ्या भागात दिसते. पाने संपत आलेली असतात, रहस्य उलगडायचे असते, आणि मग आजी सांगू लागते. तिचे फुगे चौकटी व्यापून टाकतात: अमुक साली वाड्यात काय घडले, कोणी कोणाला आडात ढकलले, शाप कोणी दिला. इतका वेळ चित्रांनी जे साधले ते सारे त्या मजकुराखाली दबून जाते. असा भाग लागला की एक साधी कसोटी लावावी. ते फुगे झाकून फक्त चित्रे पाहावीत. बोलणारी तोंडेच दिसत असतील तर लेखकाने चित्रकाराला वाऱ्यावर सोडले आहे असे समजावे. भीतीच्या दृष्टीनेही हा तोटाच आहे, कारण शापाचे कारण कळले की त्यावर उताराही असणार असे मन गृहीत धरते. कारण पूर्णपणे न सांगणाऱ्या कथा अधिक काळ छळतात. मात्र त्यांत नियम हवा. सहावे माणूस केव्हा दिसते आणि केव्हा दिसत नाही याची एक शिस्त वाचकाला जाणवली पाहिजे, तिचे कारण कळले नाही तरी चालेल.

इथे मराठीपुरता एक मुद्दा नोंदवावासा वाटतो. इंग्रजी चित्रकथांत मजकूर बहुधा केवळ मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहितात, त्यामुळे ओळींची उंची सारखी राहते आणि फुगे आटोपशीर होतात. देवनागरीला शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. त्याच फुग्यात अनुवाद कोंबला की अक्षरे बारीक होतात आणि वाचकाचा डोळा चित्रावरून उठून मजकुरात अडकतो. परंतु याच लिपीत एक न वापरलेली संधीही आहे. शिरोरेघ थरथरती काढली की आवाज थरथरतो, मध्येच तोडली की श्वास अडकतो, आणि ती अजिबात काढली नाही तर शब्द कुजबुजल्यासारखे दिसतात. शिवाय मराठीत अनुकरणवाचक शब्दांची श्रीमंती आहे. ‘टप् टप्’, ‘डुबुक’, ‘कर्रर्र’, ‘सळसळ’ हे शब्द चित्रातच, पाण्याच्या पृष्ठभागावर किंवा दाराच्या बिजागरीशी, रेखाटता येतात. मुक्या कागदाला आवाज देण्याचा हा मार्ग आपल्या हाताशी आहे.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला भय शब्दांतून घ्यायची उत्तम सवय आहे. चित्रांतून ते घेण्याची सवय तुलनेने कमी. त्यामुळे ‘दीड तासात वाचून संपले, मग एवढी किंमत कशाला’ अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. चित्रकाराला एका पानाला दोन दिवस लागले असे धरले तर ९० पानांना सुट्ट्या न धरता सहा महिने होतात, हे लक्षात घेतले की किंमत समजते. तरीही वाचकाची तक्रार मी चुकीची म्हणणार नाही. जे पुस्तक एका वाचनातच रिते होते, ते त्या वाचकाला खरोखरच महाग पडते.

शेवटी एकखंडी असण्याचा सर्वांत मोठा लाभ आणि सर्वांत मोठी जोखीम, म्हणजे शेवट. ‘चांदोबा’ वाचलेल्या प्रत्येकाला खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेऊन स्मशानातून चालणारा राजा विक्रम आठवत असेल. ते चित्र भयंकर होते, तरी आपण लहानपणी त्याला घाबरलो नाही, कारण राजा मौन मोडणार, वेताळ झाडावर परत जाणार आणि पुढच्या महिन्यात दोघेही पुन्हा भेटणार हे ठाऊक होते. मालिकेतल्या नायकाला हेच अभय असते. एकखंडी पुस्तकात ते कोणालाच नाही. नात मरू शकते, वाडा पडू शकतो, आणि कथा सांगणारा स्वतःच ते सहावे माणूस निघू शकतो. वाचकाच्या उजव्या हातात उरलेल्या पानांचा थर पातळ होत जातो तसतशी ही शक्यता वाढत जाते.

जोखीम अशी की शेवट खुला ठेवणे आणि शेवट अर्धवट सोडणे यांतला फरक पुष्कळ लेखकांना सांभाळता येत नाही. पुढच्या भागाची तरतूद म्हणून शेवटच्या चौकटीत डोळे उघडणारे प्रेत काढणे हा अर्धवट शेवट. त्यात मागच्या ९० पानांशी प्रामाणिकपणा उरत नाही. खुला शेवट मागचे सगळे जागे करतो आणि तरीही प्रश्न जिवंत ठेवतो. आपल्या वाड्याचा शेवट मी असा करीन. सकाळ झाली आहे, पाणी उतरू लागले आहे, भिंतीवर गाळाची ओली रेघ उमटली आहे. अग्निशमन दलाची होडी माडीच्या खिडकीला लागते. आतली माणसे एकेक करून उतरतात. ती चित्रात दिसत नाहीत, फक्त होडीच्या काठाला धरणारे हात दिसतात. दलाचा जवान वहीत किती जण वाचवले ते लिहितो. हे उजवे पान. पान उलटल्यावर डावीकडे एकच चौकट आहे: वहीतला आकडा, सहा, आणि त्याच्या मागे होडीत बसलेली आजी, जी तो आकडा वाचते आहे आणि काहीच बोलत नाही. समोरचे उजवे पान कोरे आहे.